इंगवल्यांचं कार्ड

रविवार, १२ जानेवारी २००३. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. कोल्हापुरात भैरव वेस तालमीच्या वरच्या हॉलमध्ये एक माणूस काचपेटीवर वाकला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "हे नाव चुकलंय."

प्रदर्शन उघडून वीस मिनिटं झाली होती. मी चार पावलांवर उभा होतो.

"कुठलं?"

"हे." त्यानं काचेवर बोट टेकवलं.

मी वाकून बघायची गरज नव्हती. त्या पेटीत एकच कार्ड होतं. खाली मी स्वतः टाइप केलेली चिठ्ठी होती: दिनकर रामचंद्र इंगवले, हंगाम १९७४-७५, अंतिम सामन्यातील एकमेव गोल.

"दिनकर इंगवलेच," मी म्हणालो. "पंच्याहत्तरच्या फायनलचा गोल त्यांचा."

"कार्ड दिनकरचंच हाय. फोटो त्याचा न्हाय."

"मग कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला. "आणि गोलबी."

पन्नाशीचा माणूस. केस बारीक कापलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठ ताठ. मी त्याला ओळखत नव्हतो. पेठेतली माणसं मला बहुतेक सगळी माहीत, आणि भैरव वेस फुटबॉल संघाच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस शहरात नाही, असं मी तेव्हा मानत होतो. लोकही तसंच मानायचे. मी एका दैनिकात क्रीडा पानावर होतो. आदल्या दिवशीच्या अंकात मी या प्रदर्शनाची बातमी दिली होती आणि त्यात एक वाक्य होतं: "प्रत्येक नाव व तारीख तपासलेली आहे."

त्या संग्रहाबद्दल थोडं सांगतो. शहरात फुटबॉल खेळतो तो पेठांचा, तालमींचा संघ. प्रत्येक हंगामाआधी खेळाडूची शहराच्या फुटबॉल संघटनेकडे नोंदणी होते आणि त्याला एक ओळखपत्र मिळतं. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं जाड कार्ड, त्यावर नाव, तालीम, सही आणि फोटो. फोटोवर संघटनेचा शिक्का, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. सामन्याआधी पंच कार्ड आणि तोंड ताडून बघतात. हंगाम संपला की कार्ड रद्द. खेळाडू ते खिशात विसरायचे, बायका धुण्यात घालायच्या.

मी ती गोळा करायला लागलो तेव्हा तेरा वर्षांचा होतो. माझा नियम एकच होता. खेळाडूनं कार्ड द्यायचं, बदल्यात मी त्याला त्याच्या हंगामातल्या सगळ्या बातम्यांची कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायची. अशी चारशे बारा कार्डं जमली. शिवाय एकसष्ट तिकिटं, नऊ जर्सी, पंचांच्या दोन शिट्ट्या. पाणदरवाजा तालीम आमची कायमची प्रतिस्पर्धी, पण तिथली माणसंसुद्धा माझ्या घरी येऊन कार्डं बघून जायची आणि जाताना म्हणायची, "संघ कसाबी असंना तुमचा, संग्रह नाद खुळा हाय."

आणि या चारशे बारांतलं सगळ्यांत मोठं कार्ड ते होतं, काचपेटीतलं. भैरव वेशीनं साठ वर्षांत चषक बरेच घेतले, पण शहराची शिल्ड एकदाच जिंकली. रविवार, २७ एप्रिल १९७५, पाणदरवाजाविरुद्ध, १-०, अडुसष्टावं मिनिट. ती शिल्ड त्या दिवशी हॉलच्या मधोमध लाल कापडावर ठेवली होती.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"यशवंत. दिनकरचा धाकटा. एकोणसत्तरला पलटणीत गेलो, ते मागल्या वर्षी कायमचा घरी आलो."

"दिनकरराव गेल्या गणपतीत वारले."

"व्हय. तो होता तोवर मी तोंड उघडलं न्हाय."

मी त्याला खिडकीपाशी नेलं आणि खुर्ची दिली. तो बसला नाही. उभ्यानंच सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं. अठरा एप्रिलला दिनकरचं लग्न. त्यासाठी यशवंत वीस दिवसांच्या रजेवर आला होता. लग्नानंतर सहाव्या दिवशी दिनकर सेमीफायनल खेळला आणि गुडघा फिरला. शनिवारी संघाचे त्या वेळचे सेक्रेटरी घरी आले. रविवारी दुपारी यशवंत दिनकरचं कार्ड घेऊन मैदानात उतरला. सोमवारी सकाळच्या गाडीनं पलटणीत परत गेला.

"सेक्रेटरी म्हणजे आप्पा हावळ?"

"त्यांनाच विचारा की. खाली चहा पितायत."

"थांबा. आधी मला बघू दे."

"बघा. मला कप नको, पैका नको. फोटोखाली माझं नाव पायजे. पोरगी परवा म्हणाली, बाबा, तुमच्या हातून फौजेबाहेर काय झालं का हो? मी काय सांगू तिला?"

एक वाजता हॉल जेवणासाठी बंद झाला. मी काचपेटी उघडून कार्ड बाहेर काढलं. ते माझ्याकडे १९८१ पासून होतं. दिनकररावांनी ते मला दारातच दिलं होतं. मी कात्रणांचा पुठ्ठा पुढे केला तर म्हणाले, "ती नकोत. हे तेवढं घेऊन जा बाबा, घरात नको मला." मी त्याला नम्रता समजलो. नंतर दोनदा त्या नम्रतेबद्दल लिहिलंसुद्धा.

बावीस वर्षांत मी ते कार्ड कोपऱ्यांच्या पट्ट्यांतून कधी काढलं नव्हतं. आता खिडकीच्या उजेडात धरलं. कागदावरचा अर्धा शिक्का जांभळ्या शाईचा, छापलेला. फोटोवरचा अर्धा शिक्काही जांभळाच, पण अक्षरांच्या कडा पेनानं गिरवलेल्या. मला तो झिजलेला वाटायचा. फोटोचा खालचा कोपरा किंचित उचललेला होता. मी पातं सरकवलं. आजवर कुठल्याच कार्डावर मी पातं चालवलं नव्हतं. खळ जुनी होती, फोटो अलगद सुटला.

खाली दुसरा फोटो होता. दिनकर इंगवले, मिशीसह. दोघा भावांची तोंडं इतकी सारखी, की वरच्या बिनमिशीच्या फोटोला मी दिनकररावच समजत आलो होतो. त्यावर शिक्क्याचा खरा अर्धा भाग, कागदावरच्या अर्ध्याशी तंतोतंत जुळणारा.

"उघडलंस व्हय?"

दारात आप्पा होते. गणपतराव हावळ, तालमीचे अध्यक्ष, वय एकाहत्तर. हातात चहाचे दोन ग्लास.

"कुणी चिकटवला आप्पा?"

"मी. आणि शिक्काबी मीच काढला. चांगला काढलाय की! पंचानं कार्ड बघितलं, तोंड बघितलं, जा म्हणाला. अठ्ठावीस वर्षं तुलाबी कळलं न्हाय." त्यांनी ग्लास माझ्यापुढे ठेवला. "चहा घे. आणि ते परत चिकटव."

"नोंदणी नसलेला खेळाडू खेळवला तर सामना प्रतिस्पर्ध्याला. नियम बारावा."

"मला नियम शिकवतोस? ती नियमावली तुझ्या संग्रहाला कुणी दिली?"

"तुम्ही."

"मग? सुध्या, साठ वर्षांत एक शिल्ड. एक! बाकी सगळं उपविजेते आणि 'शिस्तबद्ध संघ'." शिस्तबद्ध संघाचा चषक आम्हाला चार वेळा मिळाला होता. आप्पांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "मंगळवारी शिल्डच्या टीमच्या सत्काराचा कार्यक्रम हाय. पाणदरवाजाची जुनी टीम पुढच्या रांगेत बसणार हाय, आपल्यात आता पद्धतच हाय ती. त्यांच्यासमोर मी काय सांगू? शिल्ड घेऊन जावा म्हणू?"

"यशवंतरावांना काय सांगणार?"

"काय सांगायचं? जेवला का विचारायचं. त्यानं तालमीसाठी केलं, तालीम विसरली न्हाय."

"तालमीच्या फलकावर नाव दिनकररावांचं आहे."

"कार्ड काढून ठेव," आप्पा म्हणाले. "चारशे अकरा मांड. कोण मोजतंय?"

"मी मोजतो."

ते चहा न पिता खाली गेले.

खरं सांगायचं तर कार्ड काढून ठेवावं असं मलाही वाटलं. पंच्याहत्तरच्या त्या दुपारी मी पंधरा वर्षांचा होतो आणि गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. ती शिल्ड माझीही होती. पण नाव चुकलेलं आहे हे एकदा कळल्यावर ते कळलं नाही असं करता येत नाही. निदान माझ्या धंद्यात नाही.

मी यशवंतरावांना म्हणालो, "दोन दिवस द्या. फोटो खोटा चिकटवलाय हे दिसलं. गोल तुम्ही केलात हे अजून दिसलं नाही. तुमचा एकट्याचा शब्द मी छापू शकत नाही."

"घ्या की," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं गेली, दोन दिवसांनी काय होतंय?"

सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणून मी माझीच कात्रणं काढली. २८ एप्रिल १९७५ चा अंक. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं: "इंगवले याने डाव्या पायाने मारलेला फटका गोलरक्षकाच्या उजव्या हाताला चाटून जाळीत गेला." दिनकरराव उजव्या पायाचे खेळाडू होते. डाव्या पायानं ते चेंडू अडवायचे, मारायचे नाहीत. हे मी कमीत कमी तीन लेखांत लिहिलं होतं आणि हे कात्रण तर मला पाठ होतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या.

अकरा वाजता इंगवल्यांच्या घरी गेलो. मंगळवारच्या कार्यक्रमात दिनकररावांच्या पत्नीला, मालतीवहिनींना, शाल द्यायची होती. त्या तिळाच्या वड्या थापत होत्या. मी यायच्या आधीच त्यांना सगळं कळलेलं दिसलं.

"आप्पांनी पाठवलं, का आपणहून आलास?"

"आपणहून."

"मग बस. भावजींना प्रदर्शनाला मीच पाठवलं. म्हटलं, जावा आणि सांगा. ते जात नव्हते. वहिनी, दादाचं नाव गोलावरनं निघंल म्हणत होते."

"वहिनी, नाव निघेलच. दिनकररावांचं."

"निघू दे." त्यांनी वडीवर सुरी ओढली. "तुला सांगते, माझी हळद उतरली नव्हती अजून. हे आतल्या खोलीत गुडघ्याला आंबेहळद लावून पडलेले. दाराला आतनं कडी. बाहेर कुणाला दिसायचं न्हाई असं आप्पा सांगून गेलेले. संध्याकाळी हलगी वाजत दारात आली. सगळी माणसं गुलालानं एकसारखी. खांद्यावर भावजी, आणि लोक नाव घेतायत ह्यांचं. सासूबाई म्हणाल्या, ओवाळ. मी ताट घेऊन उभी. नवरा आत कडी लावून, आणि बाहेर त्याच्या नावाचा गजर. मी ओवाळलं."

"दिनकरराव नंतर काही बोलले नाहीत?"

"बोलले की. रोज बोलायचे. कुणी कार्यक्रमाला बोलवलं की ह्यांचं डोकं दुखायचं. तालमीनं चार वेळा हार घातला असता, एकदाबी गेले न्हाईत. तुम्ही सगळे म्हणायचा, किती साधा माणूस!" त्यांनी सुरी खाली ठेवली. "साधा नव्हता. ताठ होता. न केलेला गोल अंगावर घेऊन हिंडला जन्मभर, कारण बोलला असता तर शिल्ड गेली असती. आता ते न्हाईत. त्यांनी न केलेला गोल त्यांच्या नावावर नको मला. आणि ती शाल तर मुळीच नको."

"मंगळवारी येणार?"

"येणार की. का येऊ नये?"

तिथून मी पाणदरवाजात गेलो. सायकलींच्या दुकानात इब्राहिम शिकलगार चाकाचे आरे ताणत बसले होते. पंच्याहत्तरच्या फायनलला समोरच्या गोलात तेच उभे होते.

"या भैरव वेस," ते म्हणाले. "उद्या येतोय आम्ही मार खाल्लेला दिवस साजरा करायला. फुलं तरी चांगली आणा."

"इब्राहिमभाई, एकच प्रश्न. तो गोल कुणी केला?"

त्यांचा हात थांबला. चाक तेवढं फिरत राहिलं.

"यशा आला काय परत?"

मी खिशातून वही काढली.

"सातवीपास्नं एका बाकावर बसलो आम्ही. शाळेच्या टीमला तो डाव्या बाजूला, मी गोलात. त्याचा डावा पाय मी झोपेत ओळखीन. पंच कार्डं तपासत होता तेव्हाच मी बघितलं त्याला. त्यानंबी मला बघितलं. मान खाली घातली लेकानं."

"मग तक्रार का नाही केली? चोवीस तासांत अर्ज केला असता तर शिल्ड तुमची होती."

"तू सारखं कागदातनं बघतोस." ते हसले नाहीत. "मी अर्ज केला असता तर शहर काय म्हणालं असतं? इब्र्याला गोल अडवता आला न्हाय, म्हणून कागद अडवला. चेंडू माझ्या हाताला लागून गेला. हाताला! चार बोटं आणखी पुढं पाहिजे होती. तेवढंच माझं दुखणं हाय. कार्ड कुणाचं ते न्हाय."

"कॅप्टनला सांगितलं?"

"आजवर बायकोलाबी न्हाय. तुला पहिल्यांदा."

"मी हे छापणार आहे."

"छाप. पण डावा पाय बरोबर लिही."

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत. कार्यक्रम पाचला होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी काचपेटीतली चिठ्ठी बदलली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. खाली लिहिलं: कार्ड दिनकर इंगवले यांचे. वरचे छायाचित्र यशवंत इंगवले यांचे. अंतिम सामना यशवंत इंगवले खेळले. गोल यशवंत इंगवले, ६८ वे मिनिट, डावा पाय.

आप्पांनी ती चिठ्ठी पूर्ण वाचली.

"काढ."

"काढतो. मग सगळीच काढतो, चारशे बारा."

"तालमीला धमकी देतोस?"

"नाही आप्पा. चुकीचं नाव लावून कार्ड मांडणं मला जमणार नाही. तेवढंच सांगतोय."

"शिल्ड गेली तर पेठ तुला दारात उभं करणार न्हाय."

"माहीत आहे."

"दहा वर्षांचा होतास तेव्हा मीच तुला पाठीमागच्या दारानं गॅलरीत सोडायचो," आप्पा म्हणाले. आणखी काहीतरी म्हणणार होते. खाली पाहुणे आल्याचा आवाज झाला आणि ते गेले. चिठ्ठी त्यांनी काढली नाही.

हॉल भरला. पुढच्या रांगेत पाणदरवाजाचे सात जुने खेळाडू, मधे इब्राहिमभाई. आमची जुनी टीम स्टेजवर. यशवंतराव मागे, दाराशी उभे. तिळगूळ झाला. साडेपाचला निवेदकानं नाव पुकारलं: "शिल्डच्या विजयी गोलाचे मानकरी, कैलासवासी दिनकरराव इंगवले यांच्या पत्नी!"

मालतीवहिनी उठल्या, पण स्टेजकडे गेल्या नाहीत. खुर्चीपाशीच उभं राहून म्हणाल्या, "गोल ह्यांनी केला न्हाई. हे त्या दिवशी घरात होते, गुडघा बांधून. गोल माझ्या दिरांनी केला. ते दाराशी उभे आहेत. शाल त्यांना द्या."

त्या बसल्या. जुन्या टीममधल्या एकानंही मान वर केली नाही. पेठेत आणखी काही जणांना माहीत असणारच. पेठेत अशा गोष्टी कळतात आणि तिथंच राहतात.

मग मागून पाणदरवाजाचा एक तरणा ओरडला, "म्हणजे बोगस खेळाडू! शिल्ड आमची! आणा इकडं!"

आमच्या बाजूनं दहा जण उठले. खुर्च्या सरकल्या. तेवढ्यात इब्राहिमभाई उभे राहिले आणि मागं वळले.

"बस खाली! गोलात मी उभा होतो, तुझा बाप न्हाय!" मग ते दाराकडे बघून म्हणाले, "यशा, ये की पुढं. त्या दिवशी मान खाली घातलीस ती अजून वर करायला तयार न्हाईस होय रे?"

यशवंतराव चालत आले. परेडवर चालावं तसे. पुढच्या रांगेपाशी आले तेव्हा इब्राहिमभाईंनी उजव्या हाताची चार बोटं त्यांच्यापुढे धरली. "एवढं. एवढंच कमी पडलं मला."

"म्हाईत हाय," यशवंतराव म्हणाले. "गाडीत बसून जाताना तेच बघत होतो सारखं."

आप्पांनी माइक हातात घेतला. शिल्ड त्यांच्या कोपराशी होती.

"फोटो मी चिकटवला," ते म्हणाले. "दिनकरनं न्हाय, यशवंतनं न्हाय. शिक्का मी काढला. ही दोघं पोरं माझ्या शब्दावर गप्प बसली. एक गप्प बसूनच गेला." त्यांनी शाल यशवंतरावांच्या खांद्यावर टाकली. हात थोडा वेळ खांद्यावरच राहिला. मग ते पुन्हा माइककडे वळले. "उद्या मी संघटनेला अर्ज देणार. शिल्ड ठेवायची का द्यायची ते त्यांनी ठरवावं. पण गोलासमोर नाव ह्याचं लागलं पायजे. पेठंला चालत नसंल तर आत्ताच सांगा, मी राजीनामा देतो."

आमच्या जुन्या टीमचा बॅक, सत्तरीचा माणूस, स्टेजवरून नुसता म्हणाला, "द्या अर्ज." मग टाळ्या सुरू झाल्या. कुणासाठी होत्या हे सांगता यायचं नाही. यशवंतराव तोवर काचपेटीकडे गेले होते आणि चिठ्ठी वाचत होते.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली. अकरा ओळी, माझ्या नावाशिवाय. शनिवारच्या अंकात जे वाक्य लिहिलं होतं त्याची दुरुस्तीही त्याच पानावर, चौकटीत.

संघटनेनं चौकशी होईपर्यंत शिल्ड जमा करायला सांगितलं. रविवार, २ फेब्रुवारीला सकाळी तालीम ती द्यायला निघाली. मला वाटलं होतं, आप्पा आणि दोघेतिघे रिक्षातून जातील. साडेनऊला मी वेशीत पोहोचलो तर हलग्या तापत होत्या. पेठ रस्त्यावर होती. बायका माडीवर. शिल्ड फुलांच्या गाड्यावर, आणि तिच्यामागं यशवंतराव खांद्यावर. ते नको नको म्हणत होते, कुणी ऐकत नव्हतं. त्यांच्याच नावाचा गजर चालला होता. इंगवल्यांच्या दारात मिरवणूक थांबली आणि मालतीवहिनींनी ओवाळलं. पुढे पाणदरवाजाच्या चौकात त्यांची माणसं उभी होती. आमच्या पोरांनी हलगी बंद करायला घेतली, तर पलीकडून आवाज आला, "वाजवा की! थांबलासा कशाला?" आणि त्यांच्या हलग्या सुरू झाल्या.

मी चाळीस वर्षं या शहरातल्या फुटबॉलच्या मिरवणुका पाहिल्या. जिंकलेल्या सगळ्या. जिंकलेली शिल्ड परत द्यायला निघालेली एवढी मोठी मिरवणूक ती एकच. मी त्या दिवशी वही काढली नाही. गुलाल लावून चाललो. संघटनेच्या कार्यालयात शिल्ड घेताना तिथल्या माणसानं जमा पावती लिहिली आणि विचारलं, "मिरवणूक कशाची?" आप्पा म्हणाले, "आमच्या गोलाची."

ती पावती माझ्या संग्रहात आहे.

पाणदरवाजा तालमीनं त्याच महिन्यात ठराव केला: मैदानात हरलेली शिल्ड आम्ही घेणार नाही. भैरव वेशीचं पत्र असं: निकाल काही लागो, गोलासमोर यशवंत रामचंद्र इंगवले असं नाव लिहावं. संघटनेनं दोन्ही कागद दाखल करून घेतले. बाराव्या नियमात सामना प्रतिस्पर्ध्याला द्यायची तरतूद आहे, प्रतिस्पर्धी घेत नसेल तर काय करायचं याची नाही. रद्द झालेल्या सामन्यातला गोल कुणाच्या नावावर लागतो याचीही नाही.

आप्पा २००९ मध्ये वारले. इब्राहिमभाई २०१६ मध्ये. तालमीच्या फलकावर नाव बदललं आहे. संघटनेच्या वार्षिक पुस्तिकेत १९७५ च्या ओळीत विजेता आणि गोल या दोन्ही रकान्यांत "निर्णय प्रलंबित" असं छापलं जातं. शिल्ड कार्यालयातल्या कपाटात आहे.

शनिवार, १७ ऑगस्ट २०२४ रोजी संघटनेची सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर हा विषय एकवीस वर्षांत पहिल्यांदा आला, नवव्या क्रमांकावर. यशवंतराव, वय त्र्याहत्तर, दुपारी तीनपासून बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी मी होतो. पलीकडे पाणदरवाजाचे तिघे होते, नाव लागावं म्हणून सही द्यायला आलेले. सहा वाजून दहा मिनिटांनी सभा सातव्या विषयावर तहकूब झाली. पुढची तारीख अजून जाहीर झालेली नाही.